अहिरे मॅडमचा कागद

अहिरे मॅडम गाडी चालवणाऱ्याकडे बघायच्याच नाहीत. पहिल्या फेरीला त्या मागच्या सीटवर मधोमध बसायच्या आणि चालवणाऱ्याच्या शेजारी त्याच्या बायकोला, मुलाला, जो कोणी बरोबर आला असेल त्याला बसवायच्या. मग पुढे वाकून बघत असायच्या ते त्या शेजारच्या माणसाचे पाय. "चालवणारा मला फसवेल, स्वतःलाही फसवेल. पण बायकोचा उजवा पाय खोटं बोलत नाही, दीपक. तिने मॅटवर किती वेळा ब्रेक मारला ते मोज," असं त्या मला सांगायच्या.

दीपक म्हणजे मी. धुळ्यात माझं गॅरेज आहे. कोणाचे पाय चालत नसतील तर ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हाताच्या दांडीवर आणायचा, कोणाला एकच हात असेल तर स्टिअरिंगवर गोल मूठ बसवायची, असली कामं मी करतो. ती मला मॅडमनीच शिकवली. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी वीस वर्षं काढली होती. नंतर धुळ्यातल्याच एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी हे वेगळंच काम सुरू केलं. म्हातारे, अपघातातून उठलेले, लकव्यातून सावरलेले, पोलिओ झालेले, असे लोक जळगाव, पाचोरा, फैजपूरहून त्यांच्याकडे यायचे. मॅडम त्यांना तपासायच्या, शिकवायच्या आणि शेवटी एक कागद लिहून द्यायच्या. लायसन्सचं काम आरटीओचं. मॅडमचा कागद नुसता सल्ल्याचा. पण त्यावर 'नाही' असलं तर घरातले लोक किल्ली लपवून ठेवत, आणि 'हो' असलं तर तो माणूस कागद फ्रेम करून लावायचा.

त्यांना स्वतःला डाव्या पायात पोलिओ. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार. उभं राहताना गुडघ्याजवळचं लॉक लावायचं, बसताना काढायचं. दोन पावलांत दोन नंबरांचा फरक, म्हणून बूट घ्यायचे तर दोन जोड घ्यावे लागत. उरलेल्या बुटांचं काय करता, असं मी एकदा थट्टेने विचारलं. तर त्यांनी जळगावात एक शिक्षिका शोधून ठेवली होती, उजव्या पायात पोलिओ असलेली. उरलेला जोड तिला जायचा, तिचा यांना यायचा. रंगावरून दोघींची फोनवर भांडणं व्हायची. मॅडमना भडक लाल आवडायचा आणि त्या शिक्षिकेला शाळेत लाल बूट घालायची लाज वाटायची.

परीक्षेच्या वेळी मात्र त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. मांडीवर शेंगांची पुडी, एकेक शेंग फोडत बसायच्या. शेंग फोडायचा आवाज थांबला की काहीतरी चुकलं असं समजायचं.

जळगावचे एक रिटायर्ड डॉक्टर आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, ताठ, बोलणं असं की आपणच हात जोडावेत. मैदानावर त्यांनी एक फेरी मारली. काहीही चुकलं नाही. उतरल्यावर मॅडम डॉक्टरांशी बोलल्याच नाहीत. त्यांच्या बायकोला विचारलं, "काकू, उजवा गुडघा दुखतो का हो हल्ली?" काकू रडायलाच लागल्या. एका फेरीत त्यांचा पाय अकरा वेळा मॅटवर दाबला गेला होता. घरी त्या दोन वर्षं गप्प होत्या. डॉक्टर किल्ली बॉनेटवर ठेवून म्हणाले, "हिने मला सांगितलं का नाही?" मॅडम म्हणाल्या, "ती रोज सांगत होती. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात." मला तेव्हा त्या फार कठोर वाटल्या. आजही वाटतात.

पण त्या अशा का झाल्या ते मला ठाऊक होतं. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर पाचोऱ्याच्या एका हेडमास्तरांच्या कागदाची झेरॉक्स असायची. त्या माणसाची उजव्या बाजूची नजर कमी झाली होती, हे मॅडमच्या लक्षात आलं होतं. पण बायको नुकतीच गेलेली, घरात एकटा माणूस, आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मॅडमनी 'हो' लिहिलं. तिसऱ्या महिन्यात त्याने उजवीकडून येणाऱ्या एका दूधवाल्याला उडवलं. दूधवाला वाचला, पण पाय गेला. "गाडीला दया कळत नाही, दीपक," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ती झेरॉक्स कधी फाइलमधून काढली नाही.

अशा बाईसमोर नाना येऊन उभे राहिले.

नाना सोनगीरच्या अलीकडच्या एका गावचे. हायवेपासून तीन किलोमीटर आत. अडुसष्ट वर्षांचे, एके काळी गावचे सरपंच. कडबाकुट्टीच्या यंत्रात डावा हात कोपराखाली गेला, त्याला वर्ष झालं होतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्काला, आठवड्यातून तीनदा धुळ्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. पहाटेच्या रिक्षा, हायवेवर एस.टी.ची वाट, परतताना अक्काला उभंही राहवत नसे. मुलगा पुण्यात. त्याचं म्हणणं होतं की घराला कुलूप लावा आणि दोघं इकडे या. नानांनी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन टाकली आणि मुलाला सांगितलं की मॅडमनी 'नाही' म्हटलं तर मी पुण्याला येईन, एरवी नाही. बाप-लेकात तसा करारच झाला होता. म्हणजे त्या कागदावर दोघांचं गाव टांगलेलं होतं.

"मन्हा हात गया, डोया जाग्यावर शेतस," नाना खुर्चीत बसायच्या आधीच अहिराणीत म्हणाले. हात गेला, पण डोळे जागेवर आहेत.

मैदानावर पहिली फेरी झाली. अक्काच्या पायांवरून काही कळेना, कारण अक्का सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. मॅडम हसल्या. मी त्यांना परीक्षेच्या वेळी हसताना तेवढंच एकदा बघितलं. मी स्टिअरिंगवर मूठ बसवली, इंडिकेटरची दांडी लांब करून उजव्या बोटांशी आणली, हॉर्नचं बटण डाव्या पायाशी दिलं. नानांचा हात मुठीवर असा बसला, जणू ते जन्मभर एकाच हाताने चालवत होते. धुळ्याच्या रस्त्यांवर, बाजारात, चौकात, हायवेवर, कुठे म्हणजे कुठे चूक नाही. मी मनातल्या मनात कागद फ्रेम करून टाकला होता.

"आता तुमच्या गावात," मॅडम म्हणाल्या.

नाना हसले. "मॅडम, त्या रस्त्यावर माले डोया बांधी सोडा."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. ओळखीच्या रस्त्यावर डोळे झोपतात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

मॅडमची शिकवायची गाडी होती, तीही ऑटोमॅटिक, तशीच मूठ बसवलेली. शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक. त्या नानांच्या शेजारी, मी आणि अक्का मागे. कापसाचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही बाजूला बैलगाड्या. गावची कमान आली आणि पानटपरीवरून कोणीतरी कुठे निघालात म्हणून ओरडलं, "राम राम नाना! कथा चालनात?"

नानांनी हात उचलला.

त्यांना एकच हात होता. तो वर गेला आणि स्टिअरिंग मोकळं. क्षणभरच. गाडी सरळ होती, म्हणून काही झालं नाही. शेंग फोडायचा आवाज थांबला. पुढे पारावर चार माणसं बसली होती, त्यांनी हात केला, नानांनी पुन्हा हात उचलला. मग पिठाच्या गिरणीशी पुन्हा. नानांना ते कळतही नव्हतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं प्रत्येक राम रामाला राम राम दिला, त्याचा हात त्याला न विचारताच वर जात होता. शाळेपाशी रस्ता डावीकडे उतरता आहे. उजव्या हाताला एक म्हातारा ओट्यावरून उठून म्हणाला, "नाना, कसा शेतस?" नानांचा हात वर गेला, गाडी उतारावर डावीकडे ओढली गेली, आणि डावीकडे सायकल हातात धरून एक शाळेतली मुलगी उभी होती. मॅडमनी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग ओढलं. गाडी थांबली तेव्हा मुलगी आणि बॉनेट यांच्यात हातभर अंतर होतं. मुलगी नानांकडे बघून हसली. तिला वाटलं, नाना थट्टा करतायत.

नाना घामाने भिजले होते. "आते नही उचलनार," ते म्हणाले.

"तुम्ही उचलला नाही, नाना. तो उचलला गेला. ठरवून जाणारी गोष्ट नाही ही."

मॅडमनी कागद लिहिला नाही. पंधरा दिवस मागून घेतले.

त्याच संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला, मी तिथेच होतो. मुलगा वाईट नव्हता. तो म्हणत होता, मॅडम, तुम्ही नाही लिहून टाका, इथे आमच्या सोसायटीसमोरच डायलिसिस आहे, माझा जीव तिकडे टांगलेला असतो. मॅडम ऐकत राहिल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तो म्हणतो त्यात खोटं काय आहे?" खरं तर त्या दिवशी त्या 'नाही' लिहितील असं मला वाटलं होतं, आणि लिहिलं असतं तर मला सुटल्यासारखंही झालं असतं. त्या मुलीचं हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

पंधरा दिवस मॅडम रोज त्या गावात गेल्या. नानांना फक्त गावातून चालवायला लावायच्या, कमानीपासून घरापर्यंत, घरापासून कमानीपर्यंत. आधी हॉर्न वाजवून राम राम करायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्याने गाडी अडवली, "मी काय म्हैस शे का, हॉर्न वाजाडस?" तो उपाय बारगळला. मग खिडकी उघडी ठेवून तोंडाने राम राम. ते ट्रॅक्टरच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? शेवटी अक्काच म्हणाल्या, "मी राम राम करस. तुम्ही रस्ता देखा." त्या गावची सून. चव्वेचाळीस वर्षांत पारावरच्या माणसांकडे त्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं. आता पदर सावरत खिडकीतून हात जोडायला लागल्या. काही माणसं गोंधळून उठून उभी राहायची.

पण जाताना अक्का खिडकीशी ताठ बसत. डायलिसिसहून येताना त्या मागच्या सीटवर डोळे मिटून आडव्या. त्या वेळी कोण राम राम करणार? तेव्हा नाना नुसते सरळ बघत जायचे. आठवड्याभरात गावात बोलणं सुरू झालं. गाडी आली आणि नानाले माज चढना. सरपंच होता तेव्हा मतासाठी हात करायचा, आता गरज नाही. हे नानांच्या कानावर यायचंच. एके दिवशी गाडी कमानीबाहेर उभी करून ते मॅडमना म्हणाले, "हात गया तव्हय इतलं दुखनं नव्हतं, मॅडम."

मॅडमनी त्यांना पुन्हा कमानीतून आत गाडी घ्यायला लावली.

पंधराव्या दिवशी परीक्षा ठेवली, मुद्दाम डायलिसिसच्या दिवशी, जाताना आणि येतानाही. जाणं बिनबोभाट झालं. धुळ्याहून निघालो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अक्का मागे माझ्या शेजारी, डोकं खिडकीला टेकवून. हायवे सोडला, कमान आली. टपरीवरून हात झाला, नानांची मूठ हलली नाही. पार गेला, गिरणी गेली. आणि शाळेच्या अलीकडे, नाल्यावरच्या अरुंद मोरीपाशी, नानांचे थोरले भाऊ आबा ओट्यावर बसलेले दिसले.

बांधावरून दोघांचं भांडण झालेलं. सात वर्षं बोलणं बंद, येणं-जाणं बंद. नानांचा हात गेला तेव्हाही आबा आले नव्हते. गावातून पंधरा दिवस आम्ही त्या ओट्यावरून जात होतो आणि आबा प्रत्येक वेळी तोंड फिरवायचे. त्या दिवशी त्यांनी फिरवलं नाही. काठी टेकून ते उठले, दोन पावलं पुढे आले, आणि त्यांनी हात वर केला.

"आबा शेतस," अक्का मागून म्हणाल्या. डोळे कधी उघडले होते कुणास ठाऊक. "अहो, आबा शेतस!"

समोरून मोरीवर कापसाची भरलेली ट्रॉली येत होती, दोन्ही बाजूंनी फुगलेली. आमच्या गाडीला जागा होती, पण वीतभर; मोरीवर मध्येच थांबता येत नव्हतं. मॅडमचा पाय ब्रेकवर होता आणि डोळे नानांच्या हातावर. मीही तिथेच बघत होतो. बोटं मुठीवरून सुटायला आली, पुन्हा वळली. आबांचा हात अजून वरच होता. ट्रॉलीचा कापूस आमच्या आरशाला घासत गेला. मोरी संपली. मी मागे वळून बघितलं तेव्हा आबांनी हात खाली घेतला होता आणि ते घरात जात होते. दार लावल्याचा आवाज गाडीत ऐकू आला.

"माले उतरू द्या," नाना म्हणाले.

"घर आलेलं नाही, नाना. चालवा."

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. कसली बाई ही! पण नानांनी चालवली. घरासमोर गाडी नीट लावली, गिअर पार्कमध्ये टाकला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, सगळं त्या एका हाताने, ओळीने. मॅडमनी पर्समधून पॅड काढलं आणि तिथेच लिहिलं. हो. खाली सही.

नानांनी कागद घेतला, बघितला आणि मांडीवर ठेवला. "हाऊ कागद मी काय करू? ज्या गावमां ऱ्हावासाठे हाई बठ्ठं करं, त्याच गावमां मन्हा मोठा भाऊनी सात वरीसमां पहिल्यांदा हात करा. आन मी निंघी गऊ." मग त्यांनी तोंड झाकून घेतलं. म्हातारा माणूस एका हाताने तोंड झाकतो तेव्हा पूर्ण झाकत नाही.

मॅडम उतरल्या. कॅलिपरचं लॉक लावलं आणि आबांच्या घराकडे चालू लागल्या. मी मागोमाग. ओट्याला तीन उंच पायऱ्या, कठडा नाही. भिंतीला धरून त्या चढल्या आणि दार वाजवलं. उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. मग त्या बंद दाराशीच बोलायला लागल्या, एरवी बोलायच्या त्याच आवाजात.

"आबा, मी गाडीवाली मॅडम. तुमच्या भावाने हात उचलला असता तर मी कागदावर 'नाही' लिहिणार होते. मग त्यांना घराला कुलूप लावून पुण्याला जावं लागलं असतं. त्यांनी तुम्हाला बघितलं. मी त्यांचा हात बघत होते. तो उचलायला निघाला होता, आबा. मी उचलू दिला नाही."

मग कडी निघाली. आबा दारात उभे, डोळे लाल. "तो पुन्याले जाई ऱ्हायंता?" त्यांनी विचारलं. "माले कोनी सांगं नही."

"आता जात नाहीत."

आबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. "कथा शे तो?" म्हणाले, आणि उत्तराला न थांबता, काठी तिथेच विसरून, पायऱ्या उतरून रस्त्याला लागले. तिकडून नाना येतच होते. शाळेपाशी दोघं समोरासमोर आले. आजूबाजूच्या ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

पुढे वर्षभराने मॅडम नागपूरला बहिणीकडे कायमच्या गेल्या. निघताना मी स्टेशनवर पोचवायलाही गेलो होतो, पण ते काही नीट आठवत नाही. मला त्या दिसतात त्याच दुपारी, आबांच्या ओट्यावर, दोघे भाऊ शाळेपाशी उभे असताना. लॉक काढून पहिल्या पायरीवर बसलेल्या, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, "मॅडम, बघा तरी तिकडे."

"ते माझ्या कागदात येत नाही, दीपक," त्या म्हणाल्या. "चल, उशीर झाला." आणि उठायला म्हणून कॅलिपरचं लॉक लावायला गेल्या, तर हात इतका थरथरत होता की ते बसेचना. शेवटी मी खाली बसलो आणि लावून दिलं.